हसायचं नाही: अबुधाबीतल्या तीन यंत्रमुली आणि एक आत्या

मनीषाचा फोन आला तेव्हा मी गच्चीत गवती चहाच्या कुंड्यांना पाणी घालत होते. मनीषा म्हणजे माझी भावजय, धाकट्या भावाची, सुनीलची बायको. दोघं गेली अठरा वर्षं अबुधाबीत आहेत. एरवी तिचा फोन रविवारी येतो आणि तब्येतीची चौकशी झाली की संपतो. हा बुधवारी आला.

"ताई, तुम्ही एकदा याच. आमच्या रेवाला जरा माणसात आणा."

रेवा माझी भाची, वय वर्षं पंधरा. मग मनीषाने खुलासा केला. रेवाला जपानी नाचाचं वेड लागलं होतं आणि तो नाच म्हणे यंत्रासारखा करायचा असतो. हात यंत्राचे, मान यंत्राची आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दाखवायचं नाही. "आधीच पोरगी हसत नाही, त्यात हा क्लास न हसण्याची फी घेतो," मनीषा वैतागून म्हणाली. महिन्याभराने स्पर्धा होती. सुनीलने अट घातली होती की पहिल्या तीनांत नंबर आला तर नाच चालू राहील. नाहीतर खलास, शनिवारची दुपार दहावीच्या ट्यूशनला.

आता बोलावणं मलाच का, ते सांगते. मी कऱ्हाडच्या एका शाळेत एकतीस वर्षं पीटी शिकवलं आणि दर वर्षी गॅदरिंग बसवलं. कवायत, लेझीम, समूहनृत्य, सगळं. कार्यक्रम सुरू झाला की मी विंगेत उभी राहायचे, दोन्ही हातांची बोटं ओठांच्या कोपऱ्यांना लावायचे आणि दबक्या आवाजात म्हणायचे, "हसाऽ!" माझा दबका आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. पाय चुकला तर चालेल, हसू पडता कामा नये, असा माझा नियम होता. मुलं पाठीमागे मला 'हसाबाई' म्हणायची, हे मला निवृत्तीच्या समारंभात कळलं. एका न हसणाऱ्या पोरीला सरळ करायला माझ्याइतकी लायक बाई जिल्ह्यात सापडली नसती, असं मलाही वाटलं आणि मी बॅग भरली.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: पुण्याहून दुबईचं विमान मला अबुधाबीपेक्षा बरंच स्वस्त पडलं, म्हणून मी दुबईला उतरले. व्हिसा सुनीलने तिकडूनच काढला, चार दिवसांत आला. जायचं तर जानेवारीत जा. सकाळी शाल लागते, दुपारी टोपी. जुलैत बोलावणारा नातेवाईक तुमचा हितचिंतक नाही.

विमानतळावर पासपोर्टच्या खिडकीशी एक कॅमेरा असतो. त्याच्याकडे बघून मी सवयीने छान हसले. आतला पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला तरुण अदबीने म्हणाला, "नो स्माइल, मॅडम." मी पुन्हा हसले. म्हणजे मी हसत नव्हते, पण तोंडच तसं वळलं आहे. तिसऱ्या वेळी त्याने स्वतःच चेहरा ओढून दाखवला, मी नक्कल केली आणि देशात शिरले.

बाहेर सुनील गाडी घेऊन उभा. "ताई, यल्ला, बस पटकन, इथे थांबू देत नाहीत." मागच्या सीटवर रेवा होती. उंच झाली आहे. केस सरळ कापलेले, भुवयांवर झालर. "हाय आत्या," म्हणाली आणि गालाला गाल लावला. चेहरा पाटी पुसल्यासारखा कोरा. मी तिला आवडते की नाही, हे मला पुढचे पाच दिवस कळलं नाही.

नाश्त्याला दुबईच्याच करामा भागात थांबलो. जुन्या बैठ्या इमारती, खाली दुकानं, वर वाळत घातलेले कपडे. इथे वडापाव, मिसळ, थालीपीठ सगळं मिळतं. तिघांची मिसळ आणि कडक चहा मिळून साठ दिरहमच्या आत. मी गेले तेव्हा दिरहम चोवीस रुपयांच्या आसपास होता. पहिल्या दिवशी मी प्रत्येक गोष्टीला चोवीसने गुणलं आणि माझं पोट दुखायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून गुणायचं सोडलं, तुम्हीही सोडा. मिसळीचा पहिला घास घेऊन मी रेवाला विचारलं, "कशी आहे?"

"इट्स अमेझिंग," रेवा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं मिसळ नासली आहे.

सुनीलचं घर खलिफा सिटीत आहे, अबुधाबीच्या विमानतळाजवळ. करामाहून सव्वा तासाचा रस्ता. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण त्यात काहीच होत नाही. खड्डा नाही, गाय नाही, हॉर्न नाही. मला मध्येच डुलकी लागली. खलिफा सिटीत मातकट रंगाचे व्हिला ओळीने उभे आहेत. एकेका व्हिलात चार-पाच कुटुंबं भाड्याने राहतात आणि सगळ्यांच्या घराचं दार एकसारखं. पहिल्याच संध्याकाळी फिरून येताना मी एका सुदानी कुटुंबाच्या दारात चावी घालत होते. त्यांनी मला खजूर दिले.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर रेवाची प्रॅक्टिस होती. जिमच्या वरच्या मजल्यावर आरशांची खोली. तिघी मुली. जोआना फिलिपिनो, हाडाची नर्तकी. सना मूळची रत्नागिरीची, रेवाच्या वर्गातली, जिला हसू आवरत नाही. मधे आमची रेवा, जिला ते येत नाही. शिकवणाऱ्या बाईंचं नाव नाओको. पन्नाशीच्या, बुटक्या, करड्या केसांच्या.

गाणं लागलं. आवाज बाईचाच, पण यंत्रातून काढून गुळगुळीत केलेला. जपानमध्ये अशी गाणी खूप चालतात म्हणे. तिथे एक गायिका तर अशी आहे की ती माणूसच नाही. आवाज संगणकाचा, रूप प्रकाशाचं, आणि तिच्या कार्यक्रमाला हजारो लोक तिकीट काढून येतात. मी म्हटलं, बरं आहे, तिला विंगेतून काही सांगावं लागत नाही.

तिघी हलायला लागल्या. एक हात उठतो, खांद्यापाशी थांबतो, मग फक्त मनगट वळतं. मान फिरते, पण खांदे जागचे हलत नाहीत. तिघींच्या हालचाली वेगळ्या, पण घड्याळातल्या काट्यांसारख्या एकमेकींना धरून. आणि अचानक थांबणं! थांबल्यावर बोटसुद्धा हलायचं नाही. मी खुर्चीत टेकले होते ती ताठ झाले. ही तर कवायत होती. अस्सल, तेल घातलेली कवायत, जी मी एकतीस वर्षं दोनशे पोरांकडून करून घ्यायला धडपडले आणि एकदाही पूर्ण मिळाली नाही.

फक्त थांबताना गडबड होत होती. तिघी आरशातून एकमेकींकडे बघत होत्या, त्यामुळे सना अर्धा ठेका उशिरा थांबायची आणि मग खुदकन हसायची. मला राहवेना. "नाओकोसान, मी बोलू?" विचारून मी उठले आणि लेझमीचं गुपित सांगून टाकलं. थांबायच्या आकड्यावर थांबता येत नाही. त्याच्या आधीचा आकडा मनात मोठ्याने म्हणायचा आणि श्वास तिथेच धरायचा. मग अंग आपोआप थांबतं. मी कमरेत पदर खोचून करूनही दाखवलं. तिसऱ्या खेपेला तिघी एकत्र थांबल्या. खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

"आत्या," रेवा म्हणाली, "दॅट वॉज सो क्लीन."

"मग जरा हस की बाई आता," मी म्हणाले.

रेवा आरशाकडे वळली आणि पाणी प्यायला गेली.

प्रॅक्टिसनंतर आम्ही सगळ्या जवळच्या जपानी हॉटेलात नूडल्स खायला गेलो. तिथे ताटं घेऊन एक यंत्र येतं. त्याच्या डोक्याच्या जागी पडदा आणि पडद्यावर मांजरीचं हसू. माझ्यासाठी शाकाहारी वाडगा होता, तो घेतल्यावर यंत्राने डोळे मिचकावले. "बघ," मी रेवाला कोपराने ढोसलं, "डबासुद्धा हसतोय."

"आत्या, इट्स जस्ट अ स्क्रीन. त्याला चॉइस नाहीये."

नाओको ऐकत होत्या. त्यांचं इंग्रजी बेताचं, माझं त्याहून बेताचं, त्यामुळे आमचं फार छान जमलं. त्यांनी सांगितलं की लग्नाआधी त्या ओसाकाच्या एका मोठ्या दुकानात लिफ्टमध्ये उभ्या राहायच्या. हातमोजे घालून, हात ठरावीक कोनात वर करून, "वर जात आहोत," "खाली जात आहोत." दिवसभर एकाच सुरात, एकाच हसण्यात. हसू कमी पडलं तर वरिष्ठ बाई संध्याकाळी बोलावून घ्यायच्या. मग एका सुट्टीत मैत्रीण त्यांना एका गाण्याच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. स्टेजवर तीन मुली, हात अगदी लिफ्टमधल्यासारखे, पण चेहरे कोरे. कुणासाठी काही केलेलं नाही.

"आय क्राय," नाओको म्हणाल्या. "हात माझ्या नोकरीचे. चेहरा त्यांचा स्वतःचा."

मी नूडल्स खात राहिले. वरिष्ठ बाईंच्या उल्लेखाने माझे कान थोडे गरम झाले होते, पण मी ते मिरचीवर ढकललं.

रविवारी ड्रेसची मोहीम. सनाची खाला, म्हणजे मावशी, रुखसानाबी, शारजाच्या पलीकडे अजमानला राहतात आणि घरातच शिवणकाम करतात. तिथे भाडं स्वस्त, म्हणून दुबई-शारजात काम करणारे कितीतरी लोक अजमानला राहतात. सुनील म्हणाला गाडीने नेतो, पण मला लोकांत मिसळून जायचं होतं. रेवा सोबत आली. अबुधाबीहून दुबईला बस, पंचवीस दिरहम. मग मेट्रो, मग युनियन स्टेशनवरून अजमानची बस, बारा दिरहम. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, तेव्हा सकाळी लवकर निघा आणि डबा घ्या. मात्र तो मेट्रोत उघडू नका. मी चिवड्याची पुडी काढली तर रेवाने माझा हात धरला. "आत्या, नो! फाइन आहे. हंड्रेड दिरहम्स." शंभर दिरहमचा चिवडा खाण्याइतकी मी अजून सुधारलेली नाही. पुडी परत गेली.

मेट्रोला ड्रायव्हर नाही. रेवा मला सगळ्यात पुढच्या डब्यात घेऊन गेली, समोरच्या काचेशी. रूळ आपल्या पोटाखाली येतात. तिथे उभं राहून ती तासभर बोलली, आणि तिच्याकडून मला एवढं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, नजर रुळांवर. जपानी प्रेक्षकसुद्धा सराव करून येतात, हातात प्रकाशाच्या कांड्या घेऊन सगळे एका ठेक्यावर हलवतात, आणि कुठल्या ठेक्याला काय ओरडायचं तेही ठरलेलं असतं. "म्हणजे प्रेक्षकांचीही कवायत?" मी विचारलं. मला त्या देशात पेन्शन घेऊन राहायला आवडेल.

रुखसानाबींनी दार उघडलं. "या बाई या. घाटावरच्या ना तुम्ही? बोलण्यावरनंच कळलं." घरभर कापडाचे तुकडे, टेबलावर कोळंबीचा पुलाव तयार. माझ्यासाठी वेगळी तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ केली होती. ड्रेस आणले. करड्या रंगाचे, खांद्यात बक्रम घालून ताठ केलेले, सुरेख शिवलेले. आणि प्रत्येकाच्या गळ्याभोवती गुलाबी रेशमाची बारीक फुलं.

"चित्रात फुलं नव्हती, पण मी म्हटलं पोरींचे ड्रेस इतके भुंडे कशाला?" रुखसानाबी खुशीत होत्या. "तीन रात्री बसून काढली."

मी रेवाकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच. पण पाच दिवसांत मला एक गोष्ट उमगायला लागली होती. तिचा चेहरा हलत नाही, पण अंगठा हलतो. ती तर्जनीवर अंगठा घासत होती. पोरगी घाबरली होती. फुलं ठेवली तर नाच बिघडणार, काढायला सांगितलं तर खाला दुखावणार.

"रुखसानाबी," मी म्हणाले, "फुलं अशी आहेत की लोक नाच बघणारच नाहीत. ही मला द्या, माझ्या पिशवीवर लावते." त्यांनी एकदा फुलांवरून हात फिरवला, मग हसल्या, मग आम्ही दोघी चष्मे लावून टाके उसवायला बसलो. रेवाने तिसरा ड्रेस उचलला आणि आमच्याजवळ येऊन बसली. माझ्या अगदी जवळ. मला तेव्हा फार बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. मनीषाने सोपवलेलं काम मी तिथेच सोडून दिलं. ही मुलगी माणसातच होती.

पुढचा आठवडा प्रॅक्टिसचा. मी रोज आकडे मोजायला जायचे आणि घरी आल्यावर सगळ्यांची शिकवणी घ्यायचे. शुक्रवारी रात्री जेवणानंतर मी सुनील-मनीषाला समोर बसवलं. "उद्या कुणीही रेवाला हसायला सांगायचं नाही. खूण नाही, कुजबुज नाही. या प्रकारात तोंड हललं की गुण गेले. कळलं?" मनीषा म्हणाली, "इन्शाल्ला." रुखसानाबींना मी फोन करून वेगळी ताकीद दिली.

स्पर्धा दुपारी तीनला, एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये. जपानी मेळा होता. तिकीट पन्नास दिरहम, आत पाण्याची बाटली मात्र सोन्याच्या भावात, घरून न्या. निळ्या केसांच्या मुली, पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेले बाप्ये, बुरख्यावर मांजरीचे कान लावलेल्या दोघी बहिणी. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. मागे पन्नासेक तरुणांचा जथा, हातात प्रकाशाच्या कांड्या, एकसाथ डावीकडे, एकसाथ उजवीकडे. त्यांची शिस्त बघून माझं मन भरून आलं.

आमच्या तिघी आल्या. करडे ड्रेस, कोरे चेहरे. गाणं सुरू झालं आणि मी श्वास रोखला. काय नाचल्या पोरी! प्रत्येक थांबा स्वच्छ. सनासुद्धा दगडासारखी. सुनील फोन उंच धरून चित्रण करत होता आणि त्याच्या लक्षातही नव्हतं की तो मान ठेक्यात हलवतोय. मग ती मोठी जागा आली. गाणं बंद पडतं, दिवे पांढरे होतात आणि तिघी आठ आकडे नुसत्या गोठून उभ्या राहतात. रेवा मधोमध. एक, दोन, तीन. हॉल चिडीचूप. माझ्या पोरी, सुंदर पोरी, स्टेजवर, दिव्यांत, आणि सगळं जग त्यांच्याकडे बघतंय.

माझी बोटं ओठांच्या कोपऱ्यांना गेली आणि मी ओरडले, "हसाऽऽ!"

दबक्या आवाजात नाही. पटांगणाच्या आवाजात.

मागच्या जथ्याला वाटलं, ही ठरलेली आरोळी आहे. पन्नास जणांनी कांड्या उंचावल्या आणि एका सुरात गर्जना केली, "हसाऽऽ!" मग पुन्हा, "हसाऽऽ!" फार शिस्तीत.

सना फुटली. ती खांदे गदागदा हलवत हसायला लागली. जोआनाने तिच्याकडे पाहिलं. गाणं परत सुरू झालं तेव्हा त्या दोघी एक ठेका मागे होत्या आणि शेवटपर्यंत मागेच राहिल्या. रेवा एकटी बरोबर होती. मधोमध, अचूक, तोंडावरची रेष न हलवता, आणि दोन्ही बाजूंनी एकटी. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नाच संपल्यावर सुनीलने फोन खाली केला. मनीषाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पहिल्या तीनांत नंबर आला नाही.

बाहेर नाओकोंनी तिघींना वाकून नमस्कार केला. मग मलाही केला, माझ्यापुरता थोडा कमी वाकून. सना माझ्या गळ्यात पडून परत हसायला लागली आणि हसता हसता रडली. रेवा गाडीकडे चालत गेली.

हायवेला लागल्यावर सुनीलने घसा साफ केला. "ठीक आहे. ठरलं होतं तसं. पुढच्या शनिवारपासून ट्यूशन. खलास."

माझ्या शेजारी रेवा बसली होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि चेहरा तसाच होता. हुंदका नाही, ओठ वाकडा नाही. मी कुणाला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "रेवा, चुकलं माझं. सगळ्यांना ताकीद दिली आणि मीच केलं. मला माफ कर."

तिने मनगटाने गाल पुसले. मग बोलली ती मराठीत, एकेक शब्द शोधत.

"शाळेत टीचर म्हणतात, हस. फोटोत आई म्हणते, हस. पाहुणे आले की बाबा म्हणतात. मी रागावलेली नसते, आत्या. सॅडपण नसते. माझा चेहराच असा आहे. तिथे कोणी काही म्हणत नाही. फक्त तिथे."

मनीषा पुढच्या सीटवरून वळली आणि तिने रेवाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सुनील," मी म्हणाले, "अट तू तिला घातलीस, मोडली मी. ती शेवटपर्यंत एकदाही चुकली नाही. तुझ्या फोनमध्ये आहे, बघ. शिक्षा कुणाला करतोयस?"

सुनील गाडी चालवत राहिला. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता, आणि या वयात पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की तो चेहरा मागे बसलेल्या पोरीचाच आहे.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "लहानपणी फोटोच्या वेळी मी हसावं म्हणून तू मला मागून चिमटे काढायचीस. आठवतं?"

"आठवतं."

"फार जोरात काढायचीस."

मग खलिफा सिटीची वळणं आली. दाराशी गाडी लावून त्याने मागे न बघता विचारलं, "तो क्लास शनिवारी किती वाजता असतो?"

"फोर टू सिक्स," रेवा म्हणाली.

"मग ट्यूशन सकाळी लावू. दहावीत मार्क पडले पाहिजेत, सांगून ठेवतो." आणि तो उतरून पिशव्या काढायला लागला. रेवा जागची हलली नाही. मी तिच्या हाताकडे पाहिलं. अंगठा शांत होता.

कऱ्हाडला परत येऊन आता तीन आठवडे झाले. लोक विचारतात, एवढं दुबई-अबुधाबी केलंत, उंच इमारत पाहिली का, वाळवंटात गेलात का. नाही हो. मी मेट्रोचा पुढचा डबा पाहिला आणि अजमानची कोळंबी दुरून पाहिली. तुम्ही गेलात तर इमारत बघा, छान असणार. सुनीलने पाठवलेलं स्पर्धेचं चित्रण मात्र मी रोज एकदा बघते. माझी आरोळी येते तिथे आवाज बंद करते.

परवा कपाट आवरताना शाळेचे जुने फोटो निघाले. लेझीम पथक, तीस मुली, सगळ्या दात दाखवून हसताहेत. एरवी मी या फोटोंवर खूश असते. या वेळी मी न हसणारी शोधत होते, आणि एक सापडली. शेवटच्या रांगेत, टोकाला, अर्धी खांबाआड. सरळ चेहऱ्याची, सावळी. तिला पहिल्या रांगेतून मीच मागे नेलं होतं, हे मला लख्ख आठवलं. नाव काही केल्या आठवेना. त्या तुकडीतल्या दोघींना फोन केले तेव्हा कळलं, वैशाली. सध्या इस्लामपूरला असते, तिथल्या बँकेत आहे.

काल तिला फोन केला. ती दचकली, मग खूप आनंदली. मुलांचं, सासूबाईंचं, बदलीचं सांगत राहिली. शेवटी मी म्हटलं, "वैशाली, मी तुला गॅदरिंगला मागच्या रांगेत टाकलं होतं. तू हसत नव्हतीस म्हणून. तेवढ्याचसाठी. ते चुकलं माझं."



"हसत नव्हते म्हणून, बाई?" ती म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटत होतं, माझा ठेका चुकायचा."